रात्रीच्या पाहुण्याचे भाडे

परदेशातल्या हॉटेलात खोली आपण घेतो, पैसे आपण भरतो. मग त्याच शहरात नोकरीला असलेला भाचा एका रात्रीपुरता आपल्या खोलीत झोपला, तर हॉटेलचे काय जाते? हा प्रश्न हल्ली पुष्कळ मराठी घरांना पडू लागला आहे. मुले-भाचरे शिक्षणासाठी, नोकरीसाठी जगभर पांगली आहेत. त्यांची तिथली जागा एकट्यापुरती असते, म्हणून पुण्याहून किंवा नाशिकहून गेलेले आईवडील, मामा-मामी हॉटेलात उतरतात. रात्री गप्पा रंगतात, शेवटची मेट्रो निघून जाते आणि ‘आता इथेच आडवा हो’ असे आपण सहज म्हणतो. रिसेप्शनवरच्या माणसाला मात्र ते सहज वाटत नाही. कुठे पासपोर्ट मागतात, कुठे दीड-दोन हजार रुपयांची पावती फाडतात, कुठे हसतमुखाने नकार देऊन टॅक्सी बोलावतात, तर कुठे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

वरवर पाहता हा सगळा लहरीचा कारभार वाटतो. पण उकलून पाहिले तर काउंटरवरच्या त्या एका मागणीत चार वेगवेगळे धागे सापडतात: सरकारचा नोंदीचा कायदा, माणशी आकारला जाणारा कर, हॉटेलचा स्वतःचा दर आणि परक्या माणसाबद्दलचा संशय. पहिल्या तिन्हींमागे कारण आहे. ते समजून घेऊन पैसे भरावेत. चौथ्यासाठी पैसे मोजताना मात्र प्रश्न विचारावा. या लेखात हे चारही धागे देशोदेशींच्या नियमांच्या आधाराने तपासले आहेत.

नोंदवहीचा कायदा

मुक्कामाला आलेल्या माणसाची खबर आपल्याला हवी, हा राज्यकर्त्यांचा आग्रह फार जुना आहे. धर्मशाळा चालवणाऱ्याने आलेल्या वाटसरूंची माहिती नगराच्या अधिकाऱ्यांना द्यावी, असा नियम कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त आहे. घरमालकही त्यातून सुटलेला नाही. घरी कोण आला, कोण गेला हे त्याने कळवायचे; न कळवल्यास त्या रात्री घडलेल्या गुन्ह्याचा दोष त्याच्यावर, आणि रात्र निर्विघ्न गेली तरी तीन पण दंड.

आजचे कायदे याच वळणाचे आहेत. इटलीत १९३१ च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्याचे १०९ वे कलम अजून लागू आहे. ओळखपत्र पाहिल्याशिवाय कोणाला मुक्कामाला ठेवता येत नाही आणि प्रत्येकाची माहिती चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवावी लागते. मुक्काम चोवीस तासांहून कमी असेल, तर ही मुदत सहा तासांवर येते. म्हणजे मध्यरात्री येऊन सकाळी जाणाऱ्या भाच्यासाठी हॉटेलवाल्याला उलट जास्त घाई करावी लागते. युरोपीय देशांमधला शेंगेन करार अमलात आणणाऱ्या १९९० च्या कराराच्या ४५ व्या कलमानुसार परदेशी पाहुण्याने स्वतः फॉर्म भरून सही करायची आणि ओळख पटवायची. यातून सोबतचा पती किंवा पत्नी, अल्पवयीन मुले आणि सहलीच्या गटातले प्रवासी यांना सूट आहे. भाचा, मेहुणा, वर्गमित्र यांपैकी कशातच बसत नाहीत. जर्मनीने १ जानेवारी २०२५ पासून आपल्या नागरिकांना हॉटेलचा फॉर्म भरण्यातून मोकळे केले, पण परदेशी नागरिकांवरचे बंधन तसेच ठेवले. स्पेनने याच सुमारास उलटी दिशा धरली. २ डिसेंबर २०२४ पासून तिथल्या हॉटेलांना प्रवाशांची पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक माहिती द्यावी लागते. सोबत अल्पवयीन मूल असेल, तर त्याच्याशी नाते काय हेही त्यात आले.

ब्रिटनमध्ये १९७२ चा हॉटेल-नोंदींचा आदेश आहे. सोळा वर्षांवरील प्रत्येक पाहुण्याचे नाव आणि राष्ट्रीयत्व लिहून घ्यायचे, आयर्लंड आणि राष्ट्रकुलाबाहेरचा परदेशी असेल तर पासपोर्टचा क्रमांक व पुढचा मुक्काम कुठे तेही टिपायचे, आणि ही नोंद किमान बारा महिने जपायची. जपानमध्ये पत्ता नसलेल्या परदेशी माणसाला तिथल्या हॉटेलात राष्ट्रीयत्व आणि पासपोर्ट क्रमांक द्यावा लागतो. थायलंडच्या १९७९ च्या इमिग्रेशन कायद्यानुसार परदेशी माणूस मुक्कामाला आल्याची खबर हॉटेलच्या व्यवस्थापकाने चोवीस तासांत द्यायची असते. चीनमध्ये हॉटेल ही नोंद स्वतः करते. कोणाच्या घरी उतरलात, तर चोवीस तासांत पोलिसांकडे जावे लागते. तिथल्या बहुतेक हॉटेलांत भेटीला आलेल्या माणसाचे नाव वेगळ्या वहीत लिहितात आणि रात्री अकराच्या सुमारास त्याला निघायला सांगतात.

यात आपल्याला अनोळखी वाटावे असे काही नाही. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत त्याच्या नोंदीचा फॉर्म भरायचा, हे गोव्यातल्या लहानशा गेस्टहाऊसच्या मालकालाही ठाऊक असते. तोच नियम परदेशात आपल्या वाट्याला आला की आपल्याला तो जाच वाटतो.

या नोंदवहीवर पोलिसांचा हक्क किती, याचा निकाल अमेरिकेत लावून घेतला तो भारतीय वंशाच्या मोटेलमालकांनी. पाहुण्यांची वही पोलिसांनी मागताक्षणी दाखवलीच पाहिजे, असा लॉस एंजेलिस शहराचा नियम होता. पटेल आडनावाच्या मोटेलमालकांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि जून २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मताने तो नियम घटनाबाह्य ठरवला. पोलिसांची मागणी योग्य आहे का, हे आधी तटस्थ अधिकाऱ्याकडून तपासून घेण्याची संधी मालकाला मिळाली पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. वही ठेवण्याचे बंधन मात्र कायम राहिले. खोलीत किती माणसे आहेत हे लिहून ठेवण्याला त्या मालकांचाही विरोध नव्हता.

डोकी मोजण्याचे कारण

नोंदीमागे पोलिसी नजर आहे, तशी जिवाची काळजीही आहे. ११ जुलै १९९७ रोजी थायलंडमध्ये पटायाजवळच्या रॉयल जोमटिएन हॉटेलला आग लागली आणि ९० च्या आसपास माणसे दगावली. बिल न भरता कोणी निसटू नये म्हणून बाहेर पडण्याचे काही दरवाजे कुलूपबंद होते, असे नंतर उघड झाले. अशा वेळी बचावपथकाचा पहिला प्रश्न असतो: कोणत्या खोलीत किती जण? यादीत नसलेल्या माणसाला कोणी शोधत नाही. लग्नघरात सतरंजी अंथरली की दहाजण झोपतात. हॉटेलची खोली मात्र दोन किंवा तीन माणसांसाठी मंजूर झालेली असते. जिने, दारे, पाण्याचे फवारे यांचा हिशेब त्या संख्येवरच बसवलेला असतो. म्हणून पैसे देतो म्हटले तरी चौथ्या माणसाला नकार मिळतो, तेव्हा त्यात आखडूपणा असेलच असे नाही.

सुरक्षेचा धागा २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर आणखी घट्ट झाला. पुढच्याच वर्षी, जुलै २००९ मध्ये, जकार्तातल्या जे. डब्ल्यू. मॅरियट हॉटेलात स्फोट झाला. हल्लेखोर त्याच हॉटेलात खोली घेऊन राहिले होते. तेव्हापासून आशियातल्या मोठ्या हॉटेलांत लिफ्टला खोलीचे कार्ड लावल्याशिवाय वर जाता येत नाही, ही व्यवस्था आपल्या अंगवळणी पडली आहे.

नोंद नसण्याचा तोटा पाहुण्यालाही होतो. ब्रिटनच्या १९५६ च्या हॉटेलमालक कायद्यानुसार पाहुण्याचे सामान हरवल्यास हॉटेलवर काही जबाबदारी येते. एका वस्तूला ५० पौंड आणि एकूण १०० पौंड अशी तिची मर्यादा आहे. पण ती जबाबदारी झोपण्याची जागा रीतसर घेतलेल्या पाहुण्यापुरतीच. गुपचूप येऊन झोपलेल्याचा लॅपटॉप गेला, तर त्याला या कायद्याचा आधार नाही.

कर: खोलीवर की डोक्यावर?

तिसऱ्या माणसाचे पैसे मागितले की आपला राग हॉटेलवर निघतो. कित्येकदा ते पैसे नगरपालिकेचे असतात. पर्यटन कराच्या तीन तऱ्हा आहेत आणि रात्रीच्या पाहुण्याला कोणती लागू होते, त्यावर बिल ठरते.

पहिली तऱ्हा माणशी कराची. रोममध्ये ऑक्टोबर २०२३ पासून पंचतारांकित हॉटेलात माणशी रात्रीला १० युरो पडतात. हॉटेलचा दर्जा उतरेल तसा कर उतरतो, आणि सलग दहा रात्रींनंतर तो थांबतो. टोकियोने २००२ मध्ये असा कर सुरू केला तेव्हा खोलीचा दर पाहून माणशी १०० किंवा २०० येन ठरवले. क्योटोने मार्च २०२६ पासून सर्वांत महागड्या खोल्यांसाठी हाच आकडा माणशी रात्रीला १०,००० येनपर्यंत नेला. या शहरांत पाहुणा नोंदवला की कर आलाच. हॉटेलने तो माफ करायचा म्हटले तर स्वतःच्या खिशातून भरावा लागेल.

दुसरी तऱ्हा खोलीमागे कराची. मलेशिया सप्टेंबर २०१७ पासून परदेशी पर्यटकाकडून खोलीमागे रात्रीला १० रिंगिट घेते. दुबईत २०१४ पासून दर्जानुसार खोलीमागे ७ ते २० दिरहॅम पडतात. ग्रीसमध्येही कर खोलीवर आहे. इथे दोनाचे तीन झाले तरी सरकारला जास्त काही जात नाही. म्हणून क्वालालंपूरमध्ये कोणी ‘तिसऱ्या माणसाचा टुरिझम टॅक्स’ मागितला, तर पावतीवर तो कसा लिहिला आहे ते पाहावे.

तिसरी तऱ्हा टक्केवारीची. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून भाड्याच्या साडेबारा टक्के कर आहे. जादा माणसाचे शुल्क भाड्यात धरले की करही त्या प्रमाणात चढतो.

हॉटेलचा स्वतःचा हिशेब

कर बाजूला ठेवला की उरतो हॉटेलचा दर. युरोप-अमेरिकेत खोलीचा दर साधारणपणे दोघांसाठी धरलेला असतो. तिसऱ्यासाठी चादरी, टॉवेल, गरम पाणी आणि मुख्य म्हणजे सकाळचा नाश्ता असा खर्च येतो. घडीची खाट लावली तर तिचे वेगळे. लहान मुलांबाबत बहुतेक ठिकाणी हात सैल असतो. अमेरिकेतल्या अनेक साखळी हॉटेलांत आईवडिलांच्या खोलीतल्या अठरा वर्षांखालच्या मुलांचे काही पडत नाही. दोन मोठ्या पलंगांची खोली तिथे सर्रास मिळते. त्यामुळे चौघांचे कुटुंब एका भाड्यात मावते आणि भाचा आला तरी काउंटरवर फारशी खळबळ होत नाही.

जपानमध्ये गणित निराळे आहे. तिथल्या पारंपरिक र्योकानात दर खोलीचा नसतो, माणशी असतो, आणि त्यात रात्रीचे जेवण व सकाळचा नाश्ता येतो. तिसरा माणूस म्हणजे तिसऱ्याचे जवळजवळ पूर्ण पैसे, आणि तेही आधी कळवल्यावर. कारण स्वयंपाकघर पाने मोजून रांधते. गरम पाण्याच्या झऱ्याचे गाव असेल, तर माणशी साधारण १५० येनचा स्नानकर वर. शहरातल्या बिझनेस हॉटेलांच्या खोल्या इतक्या चिंचोळ्या असतात की बॅग उघडली की चालायला जागा उरत नाही. बाहेरच्या माणसाला खोलीत नेऊ नये, भेट लॉबीत घ्यावी, असे त्यांच्या नियमपत्रकात बहुधा छापलेलेच असते. तिथे जादा पैसे देऊन सवलत मिळत नाही. ‘होत नाही’ म्हणजे होत नाही.

इथे आपल्याच लोकांबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. दोघांच्या नावावर खोली घ्यायची आणि चार-पाच जणांनी एकेक करून लिफ्टने वर सरकायचे, ही युक्ती आपल्याकडच्या मित्रमंडळींच्या सहलींत हुशारी म्हणून सांगितली जाते. सकाळी नाश्त्याच्या दाराशी खोलीचा क्रमांक विचारला की ती उघडी पडते. पुढच्या वेळी भारतीय पासपोर्ट पाहताच काउंटरवरचा माणूस डोकी मोजू लागतो, तेव्हा त्यात आपला वाटा असतो.

जॉइनर फी

आतापर्यंतच्या शुल्कांचे कारण सांगता येते. थायलंड आणि फिलिपिन्समधल्या ‘जॉइनर फी’चे कारण सांगताना मात्र हॉटेलवाले अडखळतात. खोली एकाच्या नावावर असेल आणि रात्री तो दुसऱ्या माणसाला घेऊन आला, तर त्या माणसासाठी हे शुल्क पडते. पटाया-बँकॉककडे ते साधारण ५०० ते १५०० बात असते. काही हॉटेले ते घेत नाहीत आणि तसे आवर्जून सांगतातही. बऱ्याच ठिकाणी येणाऱ्याचे ओळखपत्र काउंटरवर ठेवून घेतात आणि तो निघताना खोलीत फोन करून सगळे ठीक असल्याची खात्री झाल्यावरच परत करतात.

ही प्रथा देहविक्रयाच्या पर्यटनाभोवती वाढली, हे उघड आहे. थायलंडमध्ये १९९६ चा कायदा वेश्याव्यवसायाला मनाई करतो. तरी तो व्यवसाय डोळ्यांसमोर चालतो. हॉटेलांनी यातून आपली वाट काढली. ओळखपत्र ठेवून घेण्यात अर्थ आहे. पाहुण्याची चोरी टळते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे येणारी व्यक्ती अल्पवयीन नाही याची खातरजमा होते. तेवढ्यासाठी ही तपासणी कितीही कडक असली तरी थोडीच. पण हे काम ओळखपत्राने होते. हजार बातांनी त्यात काय भर पडते? पैसे घेतले म्हणून अल्पवयीन मुलगी सज्ञान होत नाही आणि चोर साव होत नाही. ज्या हॉटेलात पैसे घेऊन नावही न विचारता वर सोडतात, तिथे हे शुल्क सुरक्षेचे नसून काणाडोळा करण्याची किंमत असते.

त्याचा भुर्दंड भलत्यांनाच पडतो. कामानिमित्त भेटायला आलेल्या स्थानिक सहकारी स्त्रीकडे, परदेशी नवऱ्याबरोबरच्या थाई बायकोकडे त्याच नजरेने पाहिले जाते. तिचे नाव बुकिंगवर आधीपासून असेल, तर प्रश्न येत नाही. म्हणजे संशयाची सारी भिंत एका ओळीच्या नोंदीने पडते. मग ती ओळ रात्री अकराला लिहून घेतली, तर हजार बात कशाचे?

लग्नाचा दाखला

संशयाचे दुसरे रूप पैशांत नसते, कायद्यात असते. ते झपाट्याने बदलते आहे. सौदी अरेबियाने २०१९ मध्ये परदेशी जोडप्यांना नात्याचा पुरावा न मागता खोली देण्याची मुभा दिली. अमिरातींनी नोव्हेंबर २०२० मध्ये अविवाहितांचे एकत्र राहणे गुन्ह्यांच्या यादीतून काढले. दुबईतल्या हॉटेलात आता दाखला मागत नाहीत, पण मुक्कामी असलेल्या प्रत्येकाचे ओळखपत्र लागते. इंडोनेशियाने उलट पाऊल टाकले. डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झालेली तिथली नवी दंडसंहिता जानेवारी २०२६ पासून लागू झाली आणि विवाहबाह्य सहवास गुन्हा ठरला. मात्र पती-पत्नी, आईवडील किंवा मुले यांनी तक्रार केली तरच कारवाई होते. पर्यटकांची वैवाहिक स्थिती तपासली जाणार नाही, असे आश्वासन बालीच्या राज्यपालांना जाहीरपणे द्यावे लागले.

या बाबतीत आपल्याला दुसऱ्यांना नावे ठेवता येणार नाहीत. सज्ञान अविवाहित जोडप्याने हॉटेलात राहणे गुन्हा नाही, हे मद्रास उच्च न्यायालयाला २०१९ मध्ये कोइमतूरच्या एका प्रकरणात स्पष्ट करावे लागले. ‘लोकल आयडी चालणार नाही’ ही पाटी महाराष्ट्रातल्या लॉजांवर आजही दिसते.

भाड्याच्या घरातले नियम

हॉटेल नको म्हणून अनेकजण एअरबीएनबीसारख्या सेवेतून घर घेतात. तिथे काउंटर नसतो, पण मोजणी असते. बुकिंगमध्ये लिहिलेल्या संख्येपेक्षा जास्त माणसे आली, तर जादा शुल्क लागते, आणि बाहेरच्याला मुक्कामी ठेवायचे तर मालकाची संमती लागते. ऑगस्ट २०२० मध्ये या कंपनीने पार्ट्यांवर जगभर बंदी घातली, ती पुढे कायम केली. दारावरचा कॅमेरा डोकी मोजतो आणि वाद झाला तर त्याचाच पुरावा पुढे येतो.

उलट बाजूने भाच्याच्याच घरी उतरायचे ठरवले, तरी नोंद सुटत नाही. इटलीत युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला घरी ठेवल्यास यजमानाने ४८ तासांत पोलिसांना लेखी कळवायचे असते. चीन-थायलंडची मुदत चोवीस तास आहे. कौटिल्याच्या घरमालकाची गत आजच्या भाच्यालाही चुकलेली नाही.

काय विचारावे, काय मागावे

शुल्क असावे की नसावे यापेक्षा ते केव्हा कळते, हा प्रवाशाचा खरा प्रश्न आहे. अमेरिकेत १२ मे २०२५ पासून हॉटेलांना सक्तीची सारी शुल्के धरूनच जाहिरातीत किंमत दाखवावी लागते. पण रात्रीचा पाहुणा ऐच्छिक असल्याने त्याचे शुल्क या नियमाबाहेर राहते. ते नियमपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत असते, आणि आपण ते वाचतो पावती हातात आल्यावर.

म्हणून बुकिंग करतानाच हॉटेलला ईमेल करावा आणि उत्तर जपून ठेवावे. बाहेरचा माणूस खोलीत किती वाजेपर्यंत थांबू शकतो? मुक्काम केला तर शुल्क किती, ते रात्रीमागे की एकदाच? त्यात नाश्ता आणि कर धरला आहे का? कोणते ओळखपत्र चालेल? भाचा राहणार हे आधी ठाऊक असेल, तर पहिल्यापासून तिघांची खोली घ्यावी. आयत्या वेळच्या शुल्कापेक्षा ती बहुधा स्वस्त पडते. आयत्या वेळी ठरले तर त्याला सरळ काउंटरवर न्यावे आणि नाव नोंदवून पावती घ्यावी. त्याच हॉटेलात त्याला वेगळी खोली मिळत असेल, तर तिचाही दर विचारावा. फरक कधी कधी अगदी थोडा निघतो.

ज्या शुल्काबरोबर पाहुण्याचे नाव वहीत चढते आणि पावती मिळते, ते रास्त आहे, आणि ते कुरकुर न करता द्यावे. जिथे नाव न लिहिता नुसते पैसे मागतात, तिथे पावती मागावी, नियम कुठे लिहिला आहे ते दाखवायला सांगावे, आणि दोन्ही मिळाले नाही तर पैसे देऊ नयेत. भाच्याला टॅक्सीने घरी पाठवणे त्यापेक्षा केव्हाही परवडते.